आमची नाटके : वाचणार कोण, पारखणार कोण?



धम्मचक्र प्रवर्तनदिनी नागपूरच्या दीक्षाभूमीवर आणि ६ डिसेंबरला मुंबईच्या चैत्यभूमीवर जो जनसागर लोटतो, तो रिकाम्या हाताने परत जात नाही. भाकरतुकडा बांधून आलेला मजूरही परतताना एखादे पुस्तक घेऊन जातो. ज्या समाजाला अक्षराची बंदी होती, त्या समाजाचे हे ग्रंथप्रेम पाहून कोणाचीही मान आदराने लवावी. परंतु ती पिशवी घरी उघडून पाहा. तीत बाबासाहेबांचे चरित्र असेल, त्यांची भाषणे असतील, वंदनेची पुस्तिका असेल, गीतांचा संग्रह असेल. नाटकाचे पुस्तक असेल काय? बहुतेक घरांचे उत्तर नकारार्थी येईल अशी आम्हाला भीती वाटते.

आमच्या लेखकांची नाटके लिहिली जातात, एखाद्या स्पर्धेत अथवा जयंतीच्या मंडपात एकदोन रात्री होतात आणि विस्मृतीत जातात. जी छापली जातात त्यांच्यावर चार ओळींचा अभिप्राय येतो, किंवा तोही येत नाही. म्हणून आज आम्ही आपल्यापुढे दोन प्रश्न ठेवीत आहोत. आमची नाटके वाचणार कोण? आणि ती पारखणार कोण?

नवदीक्षित कुटुंबातून पहिली शंका अशी निघते की, धम्माला नाटक चालते काय? ही शंका प्रामाणिक आहे. तिची टिंगल करणे योग्य नव्हे. पंचशीलात नाट्यदर्शनाचा निषेध नाही. नृत्य, गीत, वाद्य व खेळतमाशे यांपासून अलिप्त राहण्याचे शील अष्टशीलात येते आणि ते उपोसथाच्या दिवशी पाळावयाचे असते. भिक्षूंचा नियम वेगळा, उपासकांचा वेगळा. तेव्हा घरसंसार करणाऱ्या उपासकाने नाटक पाहिले तर शील मोडत नाही, हे प्रथम मनात पक्के करावे.

परंतु कोणते नाटक पाहावे याविषयी धम्म मौन पाळतो असेही नाही. संयुत्त निकायात तालपुट नावाच्या नटगामणीची कथा आहे. नटांचा हा नायक भगवान बुद्धांकडे आला आणि म्हणाला की, रंगमंचावर खऱ्याखोट्याने लोकांना हसविणारा व रिझविणारा नट मरणानंतर हसऱ्या देवांच्या लोकी जन्मतो, असे आमचे पूर्वाचार्य सांगत आले आहेत. आपले मत काय? भगवंतांनी दोनदा त्याला हा प्रश्न सोडून देण्यास सांगितले. तिसऱ्यांदा विचारल्यावर मात्र त्यांनी स्पष्ट उत्तर दिले. लोक आधीच राग, द्वेष व मोह यांनी बांधलेले असतात. जो नट त्यांचे हे विकार अधिक वाढवितो, त्याला सद्गती कोठली? हे ऐकून तालपुट रडू लागला. आपल्या बोलण्याचे दुःख झाले काय असे भगवंतांनी विचारले, तेव्हा तो म्हणाला की, तसे नव्हे. पूर्वाचार्यांनी मला इतका दीर्घकाळ फसविले याचे दुःख होते. पुढे त्याने प्रव्रज्या घेतली आणि तो अर्हत झाला.

या कथेतील स्वर्ग-नरकाच्या भागात आम्ही गुंतू इच्छित नाही. तिचे सार दोन गोष्टींत आहे. पहिली अशी की, नाटकाची परीक्षा त्याने प्रेक्षकाच्या मनात काय वाढविले व काय कमी केले यावरून करावयाची. दुसरी अशी की, पूर्वजांनी सांगितलेले खोटे होते हे कळल्यावर रडू येते, आणि त्या रडण्यातूनच धर्मांतर घडते. आपल्यापैकी ज्यांनी देव्हाऱ्यातील टाक उतरविले, त्यांना तालपुटाचे अश्रू समजावून सांगण्याची गरज नाही.

इतकेच नव्हे, तर या देशातील नाट्यवाङ्मयाचे जे अतिप्राचीन अवशेष आज हाती आहेत ते बौद्धांचे आहेत. मध्य आशियात सापडलेल्या ताडपत्रांच्या तुकड्यांवरून जर्मन पंडित हाइनरिश ल्यूडर्स यांनी १९११ मध्ये काही संस्कृत नाटकांचे भाग प्रसिद्ध केले. त्यांतील एक आहे महाकवी अश्वघोषाचे नऊ अंकी ‘शारिपुत्रप्रकरण’. त्याचा विषय कोणता? सारिपुत्त व मोग्गल्लान या दोन ब्राह्मण तरुणांचे धर्मांतर! त्या नाटकातील विदूषक आपल्या मित्राला हटकतो की, ब्राह्मणाने क्षत्रियाचा उपदेश घेणे शोभत नाही. त्यावर सारिपुत्त विचारतो की, हलक्या वर्णाच्या माणसाने दिलेले औषध रोग्याला बरे करीत नाही काय? जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी रंगमंचावरून विचारलेला हा प्रश्न आजही गावोगावच्या पाणवठ्यावर उत्तराची वाट पाहत उभा आहे. नाटक हे परक्यांचे, आपण केवळ प्रेक्षक, ही समजूत म्हणूनच टाकून दिली पाहिजे.

आता आपल्या मराठी मुलखाकडे वळू. मराठी रंगभूमीचा प्रारंभ १८४३ मध्ये सांगलीला झालेल्या विष्णुदास भाव्यांच्या ‘सीतास्वयंवरा’पासून मोजतात. त्यानंतर बाराच वर्षांनी, १८५५ मध्ये, महात्मा जोतीराव फुले यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. जोश्याच्या भविष्याला व ग्रहशांतीला भुलून नाडले गेलेले एक कुणबी जोडपे शेवटी शिक्षणाची वाट धरते, असा त्याचा विषय आहे. पुराणातले सोंग नाही, राजवाडा नाही. शेतकऱ्याचे घर आणि त्याची फसवणूक! जोतीरावांनी ते दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठविले आणि कमिटीने ते स्वीकारले नाही. ते छापून वाचकांच्या हाती आले १९७९ मध्ये. म्हणजे लिहिल्यापासून १२४ वर्षांनी!

वाचकहो, या आकड्यापाशी थोडे थांबा. एका नाटकाला परीक्षकांनी दार बंद केले आणि चार पिढ्यांना ते वाचावयास मिळाले नाही. या चार पिढ्यांत मराठी नाटकाचे इतिहास लिहिले गेले, थोरवी ठरली, आद्य कोण व श्रेष्ठ कोण यांचे निवाडे झाले, आणि त्या निवाड्यांच्या वेळी जोतीरावांचा कागद कोर्टापुढे नव्हताच. परीक्षण हे किती मोठे सामर्थ्य आहे हे यावरून ओळखावे.

ज्यांना छापखाना नव्हता त्यांनी मग गळा वापरला. नाशिककडील भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारख्या शाहिरांनी आंबेडकरी जलसा उभा केला. तमाशाचा साज त्यांनी घेतला, पण गणातील देवाची आळवणी आणि गौळणीतील छेडछाड टाकून दिली. तेथे पाणवठा, शाळा, सावकार आणि सभा आणली. कर्डकांनी या जलशांचा वृत्तांत पुढे १९७८ मध्ये पुस्तकरूपाने लिहून ठेवला म्हणून आज आपणांस तो ठाऊक आहे. ज्यांनी लिहिले नाही असे कितीतरी वगलेखक केवळ म्हाताऱ्यांच्या आठवणीत उरले, आणि ते म्हातारेही आता राहिले नाहीत.

बाबासाहेबांनी नाटकाची उपेक्षा केली नाही. तत्कालीन औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात प्रा. म. भि. चिटणीस यांनी लिहिलेले ‘युगयात्रा’ हे नाटक १९५५ मध्ये झाले ते त्यांनी पाहिले; १९५६ मध्ये नागपूरला दीक्षा समारंभाच्या निमित्ताने त्याचा पुन्हा प्रयोग झाला. रामायणकाळापासून आपल्या काळापर्यंत अस्पृश्यांच्या दुःखाची वाट त्यात दाखविली आहे. ज्या सोहळ्यात लाखो लोक नवे जीवन स्वीकारीत होते, त्या सोहळ्यात नाटकाला जागा होती, हे नवदीक्षितांनी ध्यानात ठेवावे.

त्यापुढील इतिहास तर ग्रंथरूपाने उपलब्ध आहे आणि तो प्रत्येक विहाराच्या कपाटात असला पाहिजे. प्रेमानंद गज्वी यांची ‘घोटभर पाणी’ ही एकांकिका अनेक भाषांत गेली. त्यांनी ‘गांधी-आंबेडकर’ नाटकात त्या दोन नेत्यांचा संघर्ष विदूषकाच्या साक्षीने उभा केला. दत्ता भगत यांच्या ‘वाटा-पळवाटा’ नाटकात चळवळीच्या तीन पिढ्या एकमेकींना जाब विचारतात. रामनाथ चव्हाणांचे ‘बामणवाडा’, प्रकाश त्रिभुवनांचे ‘थांबा, रामराज्य येतंय!’, संजय पवारांचे राखीव जागांवरील ‘कोण म्हणतं टक्का दिला?’ ही नावे सहज आठवतात. २०१२ मध्ये आलेल्या राजकुमार तांगडे यांच्या ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ या नाटकात तर जालना जिल्ह्यातील शेतकरी नटांनी शहरांची नाट्यगृहे गाजविली. त्यात शिवरायांचा विचार ज्या पगडीत आहे ती पगडी हरवते आणि ती नेमकी कोणाच्या डोक्याला बसते याचा शोध सुरू होतो. त्याच साली पुणे महानगरपालिकेच्या सफाई कामगारांनी अतुल पेठे यांच्या दिग्दर्शनाखाली गो. पु. देशपांडे यांचे ‘सत्यशोधक’ सादर केले. २०१९ मध्ये नागपूर येथील ९९ व्या नाट्यसंमेलनाचे अध्यक्षपद गज्वी यांना मिळाले. १८५५ साली बंद झालेले दार अखेर किलकिले झाले, असे यावरून म्हणता येईल.

तथापि दार उघडणे वेगळे आणि आत मान मिळणे वेगळे. आमच्या नाटकांवर परीक्षकांचा ठरलेला आक्षेप असा की, ती प्रचारकी आहेत. या आक्षेपाचा नीट विचार करू. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे ‘कीचकवध’ १९०७ मध्ये रंगभूमीवर आले. कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन हे प्रेक्षकांना सांगावे लागले नाही. सरकारने १९१० मध्ये त्या नाटकावर बंदी घातली. त्याला मराठी समीक्षेने प्रचारकी म्हणून खाली बसविले काय? उलट राष्ट्रीय बाण्याचे नाटक म्हणून त्याचा गौरव केला, आणि तो योग्यच होता. मग परकीय सत्तेविरुद्धचा संताप ही कला आणि गावकीच्या सत्तेविरुद्धचा संताप हा प्रचार, हे कोणते माप? दोन गिऱ्हाइकांना दोन वजने वापरणाऱ्या दुकानदाराला आपण काय म्हणतो, ते येथेही म्हणावे लागेल.

परंतु या उत्तरावर समाधान मानून आपण झोपी जाऊ नये. हेतू थोर असला म्हणजे नाटक चांगले होते असे नाही. आमच्या मंडपात होणारी काही नाटके भाषणांची माळ असतात. खलनायक पहिल्या प्रवेशापासून दात खातो, नायक पहिल्या प्रवेशापासून निष्कलंक असतो, आणि शेवटी निळा कोट व चष्मा रंगमंचावर आला की टाळ्यांचा कडकडाट होतो. त्या टाळ्या बाबासाहेबांना असतात, लेखकाला नव्हे. हे लेखकाने समजून घ्यावे आणि प्रेक्षकानेही. बाबासाहेब माझ्या पाया पडू नका, विचार करा अशी शिकवण देत होते. त्यांना रंगमंचावर आणून केवळ दर्शन घडविणे म्हणजे बंद केलेला देव्हारा पुन्हा उघडणे होय. असे नाटक आपल्या माणसाने लिहिले म्हणून आपण त्याला चांगले म्हणालो, तर त्या लेखकाचे आपण नुकसान करतो.

याहून अवघड प्रसंग येतो तो दुसऱ्याने आपल्यावर लिहिलेल्या नाटकाचा. विजय तेंडुलकर यांचे ‘कन्यादान’ १९८३ मध्ये आले. समाजवादी नेते नाथ देवळालीकर यांची कन्या ज्योती ही अरुण आठवले या दलित कवीशी लग्न करते आणि तो तिला मारहाण करतो, हा त्याचा गाभा. आपल्या लोकांत संताप उसळला. पुढे याच नाटकाला १९९३ चा सरस्वती सन्मान मिळाला आणि तो स्वीकारताना, याच नाटकासाठी आपल्या अंगावर चप्पलही फेकली गेली होती, याची आठवण लेखकाने स्वतः सांगितली.

या प्रसंगी योग्य काय होते? आम्ही स्पष्ट सांगतो की, चप्पल हा अभिप्राय नव्हे. ज्या माणसाने आयुष्यभर लेखणीने व कायद्याने लढा दिला, त्याच्या अनुयायाच्या हातातील उत्तर कागदावर असले पाहिजे. आणि तसे उत्तर देता येते. त्या नाटकाला विचारावे की, अरुण हात उगारतो तो पुरुष म्हणून, की त्याच्या जन्मामुळे? मारहाण सर्व जातींच्या घरांत होत असता, एका जातीच्या घरातील मारहाणीला तिच्या इतिहासाचे कारण का जोडावे? हे प्रश्न परखडपणे विचारावेत. पण त्याच वेळी आपल्या वस्तीकडेही पाहावे. दारू पिणार नाही ही प्रतिज्ञा घेतलेल्या घरातून रात्री बाईचा आक्रोश ऐकू येत असेल, तर नाटककाराचा निषेध करून तो थांबणार नाही. समाजाची बदनामी होईल म्हणून त्या भगिनीला गप्प बसविणे हे तिच्यावर दुसऱ्यांदा हात उगारण्यासारखे आहे. तिची कथा आपल्याच लेखिकेने लिहावी आणि आपणच ती प्रथम ऐकावी, हे कन्यादानाला खरे उत्तर ठरेल.

दुसऱ्याच्या दुःखाकडे कसे पाहावे याचा धडाही आमच्याच लेखकाने दिला आहे. गज्वी यांच्या ‘किरवंत’ नाटकात अंत्यविधी करणाऱ्या ब्राह्मणाला इतर ब्राह्मण कसे दूर लोटतात, याचे चित्र आहे. बौद्ध लेखकाने ब्राह्मणाचे दुःख का लिहावे, असा प्रश्न कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. जातीचा रोग उतरंडीच्या प्रत्येक मडक्यात मुरला आहे हे दाखविल्याने आपले दुःख लहान होत नाही. रोगाचे निदान पूर्ण होते. आणि करुणा ही जातीने मोजून देण्याची वस्तू नव्हे, हे तर आपण त्रिशरण घेतानाच मान्य केले आहे.

तेव्हा नाटक वाचताना वा पाहताना प्रत्येक कुटुंबाने स्वतःस काही साधे प्रश्न विचारावेत. या नाटकाने माझ्या मनातील द्वेष वाढविला की अन्यायाची समज वाढविली? यातील माणसे माणसांसारखी बोलतात, की पुस्तकासारखी? यातील स्त्री केवळ रडण्यासाठी आणली आहे, की तिला स्वतःचा विचार आहे? नाटक संपल्यावर मला काही करावेसे वाटले, की केवळ टाळी वाजवून मोकळे व्हावेसे वाटले? हे प्रश्न विचारण्यास पदवी लागत नाही. ज्या आजीला अक्षर येत नाही तीही पात्र खोटे बोलते आहे हे बरोबर ओळखते. तिचे मत विचारा आणि ते लिहून काढा. समीक्षा म्हणतात ती येथूनच सुरू होते.

आता कार्याच्या चार गोष्टी. वर्षावासात आपल्या विहारांतून ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. त्या तीन महिन्यांतील एखाद्या रविवारी एक नाटक पात्रे वाटून मोठ्याने वाचावे. पडदा नको, रंगभूषा नको. चार प्रती असल्या म्हणजे पुरे. स्त्रीपात्रे मुलींनी वाचावीत आणि त्यांना घरून मोकळ्या मनाने पाठवावे. सुषमा देशपांडे यांनी १९८९ पासून ‘व्हय, मी सावित्रीबाई’ हा एकपात्री प्रयोग गावोगाव नेला. सावित्रीमाईंच्या लेकींनी रंगमंचाला भ्यावे असे काही राहिलेले नाही.

प्रयोग करावयाचा झाल्यास आधी लेखकाची परवानगी घ्यावी व त्याचे मानधन चुकवावे. जयंतीच्या वर्गणीतून ध्वनिक्षेपकाच्या भिंतींना हजारो रुपये देणाऱ्या मंडळाने लेखकापुढे मात्र समाजकार्याचे नाव सांगून हात जोडावेत, हे शोभत नाही. फुकट राबवून घेण्याची प्रथा आपण ज्या गावकीत सोडली, ती आपल्या मंडळात पुन्हा येऊ देऊ नये. प्रयोगापूर्वी नटराजपूजन करावे काय, असेही विचारले जाते. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्यांनी याचे उत्तर दुसऱ्याकडे मागू नये. त्रिशरण-पंचशील म्हणून पडदा उघडावा. त्याने रंगभूमीचा कोणताही अपमान होत नाही.

आणि शेवटी, पुस्तक विकत घ्यावे. नाटक हे दृश्य काव्य असले तरी रंगमंचावरील दिवा विझल्यावर जे उरते ते छापील पान. जे छापले गेले नाही ते पुढच्या पिढीला झाले नाही असेच वाटते. प्रकाशकाला पहिली आवृत्ती गोदामात पडलेली दिसली तर तो दुसरा लेखक उभा करणार नाही. आपल्या घरी येणारे एक पुस्तक हे केवळ एका लेखकाला दिलेले उत्तेजन नसून, न लिहिल्या गेलेल्या पुढच्या नाटकासाठी दिलेला विसार आहे.

जोतीरावांच्या नाटकाला कमिटीने नाकारले तेव्हा त्या नाटकातील कुणब्याला वाचता येत नव्हते. म्हणून कमिटीपुढे जाऊन ‘हे आमचे आहे, आम्हाला हवे आहे’ असे म्हणणारा कोणी नव्हता. आज त्या कुणब्याची, त्या महाराची, त्या मांगाची नात महाविद्यालयात शिकवते आहे. आता नाटक नाकारले गेले तर दोष कमिटीचा एकट्याचा राहणार नाही. येत्या धम्मचक्र प्रवर्तनदिनी पिशवी भरताना हे आठवावे, आणि त्या नाटकाविषयी आपल्याला काय वाटले ते आम्हास कळवावे. स्तुती असो वा दोष असो, प्रामाणिक असेल तर या पाक्षिकात त्याला जागा आहे.

जय भीम!